काम केल्याचे ठिकाण

आधीच सांगून टाकते, खोटं मी लिहिलं. माझा हात धरून कुणी लिहवून घेतलं नाही. नंतर कॉलेजात ज्या गोष्टी पसरल्या त्यांतल्या निम्म्या गोष्टींत मी बिचारी होते आणि उरलेल्यांत बेरकी. मी दोन्ही नव्हते. मी घाबरलेली होते. वय एकोणचाळीस, नावामागे डॉक्टर, आणि गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी घाबरलेली.

माझं नाव समिधा तांडेल. प्राणिशास्त्र शिकवते, उत्तनला आईजवळ राहते. भाईंदर पश्चिमेच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. जुलैमध्ये ऑर्डर मिळते, एप्रिलमध्ये संपते. मे आणि जून तुम्ही कुणाचेच नसता. हजेरीपटावरून नाव जातं, ओळखपत्र काढून घेतात, आणि जुलैमध्ये परत मुलाखत. प्राचार्य ज्ञानदेव सर वर्षभर माझ्या हातचा तिळगूळ खायचे आणि जुलैमध्ये चष्मा लावून विचारायचे, "तुमचा विषय कोणता, मॅडम?" या मधल्या दोन महिन्यांना खंड म्हणतात. तो मुद्दाम ठेवतात. सलग काम केल्याचं कागदावर दिसलं तर माणूस 'मला कायम करा' म्हणत कोर्टात जाईल, ही भीती असते. म्हणून कागदावर दिसू द्यायचं नाही.

माझं सगळं संशोधन या खंडात झालं.

उत्तनला आमचं मासे सुकवायचं खळं आहे. बांबूच्या वलांडी बांधलेल्या असतात, आडव्या काठ्यांच्या उंच मांडण्या. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी काठीवर टांगायची. मेअखेरीला हवा दमट होते, बोंबलाला बुरशी धरते. आईच्या बोंबलाला कमी धरते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. आईलाही नाही. मी तीन वर्षांचे तीन मे महिने तिच्यामागे फिरले. ती जोड्या कुठल्या तासाला फिरवते, कुठल्या बाजूची आधी उतरवते, सगळं टिपलं. नमुने डब्यात भरून बसने कॉलेजात नेले. कॉलेज सुट्टीवर असायचं. बाबाजी म्हणून आमचे प्रयोगशाळेचे शिपाई होते, ते मागचं दार उघडून द्यायचे. "मॅडम, रजिस्टरमध्ये सही नका करू हां," म्हणायचे, "तुम्ही सध्या इथे नाही ना." मग मी सही न करता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे.

गेल्या जानेवारीत निबंध लिहून एका चांगल्या नियतकालिकाला पाठवला, जुन्या कॉलेजच्या पत्त्यावरून. एप्रिलमध्ये तिथली ऑर्डर संपली आणि जूनमध्ये मी ते कॉलेज कायमचं सोडलं. हाटकेशला, कारखान्यांच्या गाळ्यांना लागून, एक नवीन कॉलेज निघालंय. तिथे पूर्णवेळ जागा मिळाली, पण आधी काही महिने बघणार आणि मग जानेवारीत कायम करायचं की नाही ते ठरवणार, असा करार. डिसेंबरात बाहेरची मूल्यांकन समिती यायची होती. संचालक अभिनव सर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, ट्रस्टींचे चिरंजीव, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मॅडम, तुमचा पेपर आपल्या कॉलेजच्या नावावर आला पाहिजे. कमिटीला तेच दाखवायचंय. मग तुमची फाइल मी स्वतः घेऊन जातो वरती."

मी हो हो केलं. मान हलवायची सवय नऊ वर्षांत चांगली लागली होती. आणि आईने तर गावभर सांगून टाकलं होतं, पोरगी आता पर्मनंट झाली. तिला किती वेळा समजावलं, अजून झाली नाही. ती म्हणायची, "व्हनारच हाय ना? मंग आधी सांगितलं तर काय झालं?"

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, दुसऱ्या तासाला जायच्या आधी, नियतकालिकाचा मेल आला. निबंध छापायला तयार आहे, अखेरचं वाचन करून अठ्ठेचाळीस तासांत परत पाठवा. खाली एक शंका होती. लेखिकेचा ईमेल बदललेला दिसतो, संस्था बदलली असल्यास कळवावे. काम ज्या संस्थेत झाले तिचेच नाव छापले जाईल. नवी संस्था तळटीपेत 'सध्याचा पत्ता' म्हणून देता येईल. ज्या संस्थेचे नाव छापायचे आहे तिच्याकडून, काम तिथे झाल्याचे एका ओळीचे पत्र जोडावे.

मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू? व्हरांड्यात उभी राहून मी तो मेल तीनदा वाचला. सगळं किती सरळ होतं. जुनं कॉलेज वर, नवीन कॉलेज तळटीपेत. एका ओळीच्या पत्राचं काय एवढं? तास संपवला आणि भाईंदरची रिक्षा पकडली.

ज्ञानदेव सरांनी चहा मागवला. खरंच खूश झाले. निबंधाचं पहिलं पान हातात धरून कॉलेजचं नाव मोठ्याने वाचलं. "वा! आपल्या भिंतीवर लावू." मी पत्राचं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, निबंधाचं दुसरं पान उलटलं, आणि तिथेच घोडं अडलं.

"नमुने मे महिन्यात घेतले, असं लिहिलंय."

"हो सर. तीन वर्षं, मे महिन्यात."

"मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे नव्हता."

"सर, लॅबमध्ये मीच..."

"कुणी उघडली लॅब?"

बाबाजींच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी त्यांचं नाव घेतलं नाही. सरांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"मॅडम, तुम्ही हुशार आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. मे महिन्यात तुम्ही इथे काम केलंत असं मी सही करून दिलं, की तुमचा खंड गेला. तीन वर्षं सलग झाली. उद्या हा कागद तुम्ही कोर्टात दाखवलात तर?"

"मी नाही जाणार कोर्टात. लिहून देते."

"तुम्ही नाही जाणार. पण तासिकेवर अजून अकरा जण आहेत. तेही मेमध्ये येऊन बसतात, मला काय दिसत नाही का?" त्यांनी खिडकी लोटून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी स्वतः सहा वर्षं तासिकेवर होतो. मला काय वाटतं ते वेगळं आणि मला काय लिहिता येतं ते वेगळं. तुम्ही एक करा, आमचं नाव काढूनच टाका. भानगड नको."

भिंतीवर लावायला निघालेलं नाव पंधरा मिनिटांत भानगड झालं. मी चहा तसाच ठेवून उठले. खाली दारापाशी बाबाजी भेटले. "झालं काम?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

उत्तनच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी सगळा हिशेब मांडला. जुन्या कॉलेजात मी काम केलं होतं आणि ते नाही म्हणत होते. नवीन कॉलेजात मी यातलं कणभर काम केलं नव्हतं. तिसरा मार्गही होता, तो मला माहीत होता. 'स्वतंत्र संशोधक' असं लिहायचं, संस्था नाही, घरचा पत्ता द्यायचा. खरं तेच होतं. पण तसं लिहिलं की अभिनव सरांच्या लेखी त्या निबंधाला काडीची किंमत नव्हती, आणि जानेवारीत मी परत रस्त्यावर. परत जुलै, परत ती मुलाखत, परत "तुमचा विषय कोणता?" मला ते सहन होणार नव्हतं. मनापासून सांगते, त्या प्रश्नाला आणखी एकदा उत्तर देण्यापेक्षा मी काहीही केलं असतं. आणि केलंच.

तरी बुधवारी सकाळी अभिनव सरांकडे गेले ती तळटीपेचीच विनंती करायला. त्यांनी ऐकून घेतलं, मोबाइल पालथा ठेवला.

"तळटीप? मॅडम, तळटीप कोण वाचतं? कमिटीच्या पोर्टलवर फर्स्ट लाइनमधलं नाव पकडतात. आपलं नाव वर पाहिजे."

"सर, पण काम इथे झालेलं नाहीये."

"तुम्ही कुठे आहात आत्ता? इथेच ना? पेपर येतोय कधी? आत्ता ना? मग झालं की. इतना क्या सोचना?" आणि त्यांनी आवाज दिला, "रीमा, एक लेटर टाइप कर."

रीमा म्हणजे ऑफिसातली क्लार्क. सगळ्यांची सेवापुस्तकं तिच्याकडे, माझी जून महिन्यातली रुजू होण्याची तारीख तिनेच नोंदवलेली. तिने टाइप करता करता विचारलं, "सर, काम कधीपासून कधीपर्यंत केलं असं टाकू?"

"तारीख नको टाकूस. काम आपल्याकडे झालं, बस्स. एवढंच मागितलंय त्यांनी."

रीमाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. दहा मिनिटांच्या आत कागद माझ्या हातात आला, कॉलेजचं नाव छापलेला, निळा गोल शिक्का, सही. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी संस्थेने लिहून दिलं होतं की समिधा तांडेलचं काम आमच्याकडे झालं. ते खोटं होतं, आणि तरी मला बरं वाटलं. याची मला अजून लाज वाटते.

दुपारी घरी आले तर आई खळ्यावर होती. नोव्हेंबर म्हणजे बोंबलाचा हंगाम, वलांडी वरपासून खालपर्यंत भरलेल्या. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. सांगायला दुसरं होतं कोण?

आईचे हात जोड्या फिरवायचं थांबले नाहीत. "म्हंजे ते इचारतात, काम कुठं केलं?"

"हो."

"मंग हितं केलंस ना? तीन वर्सं माज्या डोक्यावर बसून इचारत व्हतीस, आये हे कवा फिरवलंस, ते कवा उतरवलंस. ती दोन कालेजं कुठनं आली मध्ये?"

"आई, खळ्याचं नाव नाही लिहीत कुणी!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खळ्यावरच्या बायका बघायला लागल्या. "तिथे कॉलेज लागतं. शिक्का लागतो. तुला काही कळतं का त्यातलं?"

आईने एक अख्खी काठी संपवली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्या कालेजचं नाव लिवलं तर पर्मनंट व्हशील?"

"हो."

"मंग लिव बाय. मना काय, माजं नाव नसलं तरी बोंबील सुकनारच हाय."

गुरुवारी सकाळी मी जुन्या कॉलेजचं नाव खोडलं, नवीन टाकलं, पत्र जोडलं आणि पाठवून दिलं. पाठवायच्या आधी निबंध चार वेळा वाचला. स्वल्पविराम तपासले, बुरशीची लॅटिन नावं तपासली, तक्त्यातले दशांश तपासले.

महिनाअखेरीला निबंध छापून आला. अभिनव सरांनी पहिलं पान मोठं करून प्रवेशद्वाराशी लावलं, कॉलेजच्या नावाखाली पिवळी रेघ मारून. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. स्टाफरूममध्ये मला खुर्ची मिळायला लागली. आईने उत्तनला पेढे वाटले. मी तिला अडवलं नाही, मलाही एक पेढा हवा होता.

डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात समिती आली. तिघेजण होते. त्यांतल्या एक वयस्कर बाई, बारीक अंगाच्या, चष्मा साखळीला लावलेला, सगळ्या फायली स्वतः उघडून बघत होत्या. अभिनव सरांनी मला बोलावून घेतलं आणि माझा निबंध त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो नीट वाचायला घेतला. नुसता चाळला नाही, वाचला. "बोंबील!" म्हणाल्या आणि हसल्या. "माझं माहेर पालघरकडचं. फार छान काम केलंय तुम्ही." मला वाटलं, आता रडू येईल.

मग त्यांनी माझी दुसरी फाइल ओढली, सेवेची.

"तुम्ही इथे या जूनमध्ये रुजू झालात ना?"

"हो मॅडम."

"हा निबंध त्यांना जानेवारीत मिळालाय."

त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. कॉलेजच्या नावाची ती पिवळी ओळ, तिच्याच खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, निबंध मिळाल्याची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख. सतरा जानेवारी. आम्ही पत्रातून तारीख गाळली होती. नियतकालिकाने आपली आपण छापली होती. प्रत्येक निबंधावर छापतात. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांच्या निबंधांवर मी ती शेकडो वेळा पाहिली होती. पण ती ओळ छापणाऱ्यांची, माझी नाही, म्हणून चार वाचनांत माझी नजर एकदाही तिच्यावर थांबली नव्हती. प्रवेशद्वाराशी ती दोन फुटांच्या कागदावर लावलेली होती आणि सगळं कॉलेज तिच्यासमोरून रोज जात होतं.

"आणि नमुने तीन मे महिन्यांतले," बाई म्हणाल्या. आवाज अजून चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "त्यातल्या पहिल्या मेमध्ये हे कॉलेज सुरूच झालेलं नव्हतं. मग काम इथे कसं झालं?"

मी अभिनव सरांकडे बघितलं. त्यांनी हात वर केले, अक्षरशः, दोन्ही तळवे दाखवून.

"मॅडमनी जी इन्फर्मेशन दिली त्यावरून आम्ही लेटर दिलं. विश्वासाने. स्टाफवर विश्वास ठेवावाच लागतो ना?"

रीमा दाराशी फायलींचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली. तिची नोकरीही तासिकेसारखीच होती, नाव फक्त वेगळं. तिला मी दोष देत नाही. त्या माणसाला देते, पुरेपूर देते, पण बाईंनी मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" तेव्हा मी काय सांगणार होते? की मला भीती वाटत होती?

"मी लिहिलं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "खरं लिहिलं असतंत तरी काम एवढंच चांगलं होतं हो," असं म्हणाल्या आणि फाइल बंद केली. शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. या एका वाक्याने मी आतून कोसळले.

संध्याकाळी अभिनव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रिझाइन करा, सहा महिन्यांचं एक्सपिरियन्स लेटर देतो. नाहीतर चौकशी बसवावी लागेल, कमिटीने लेखी मागितलंय. आणि त्या नियतकालिकाला कळवून आमचं नाव काढून टाका, लवकरात लवकर. जुनं कॉलेज अगदी हेच म्हणालं होतं, आमचं नाव काढून टाका. मी राजीनामा लिहिला. रीमाने तो आवक वहीत नोंदवला, आणि या वेळी तारीख टाकली.

ज्ञानदेव सरांना फोन केला. कशासाठी केला देव जाणे, जुलै सात महिने लांब होता. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. "थोडा काळ जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "मी कळवतो." हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकत आले होते, त्याचा अर्थ मला समजतो.

आईला सांगायचं धैर्य झालं नाही. चार दिवस मी डबा घेऊन घरातून निघत होते आणि हाटकेशच्या नाक्यावर एका झेरॉक्सच्या दुकानापुढच्या बाकावर बसत होते, जिथून कॉलेजची गच्ची दिसते. वसईपासून दहिसरपर्यंत एकेका कॉलेजला अर्ज पाठवले. एका ठिकाणच्या बाईंनी फोनवर विचारलं, "हाटकेशच्या कॉलेजमधल्या त्या तुम्हीच का?" मी फोन ठेवून दिला. डबा उघडून खायलाही होत नव्हतं, आणि भरलेला डबा घरी नेला तर आईला कळेल म्हणून भाकरी बाकाखालच्या कुत्र्याला घातली. मी जिवंत असून कुठल्याच कागदावर नव्हते.

नियतकालिकाला मी सगळं खरं कळवलं होतं, पाचव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. दुरुस्ती छापू. काम चालू असताना लेखिका कोणत्याही संस्थेत नसल्यास 'स्वतंत्र संशोधक' असे लिहून काम झालेल्या जागेचा पत्ता द्यावा. आधीचे पत्र चुकीचे निघाल्यामुळे, ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या व्यक्तीचे नवे पत्र जोडावे. लेखिका तिथे कोणत्या काळात काम करत होती आणि मध्ये खंड होता का, हे त्यात स्पष्ट असावे.

म्हणजे आईला सांगणं भाग होतं.

सकाळची वेळ होती, होड्या नुकत्याच लागल्या होत्या. आई ओल्या बोंबलांच्या टोपलीपाशी बसली होती. मी तिच्या शेजारी बसून नोकरी गेल्याचं सांगितलं, खोटं पकडल्याचं सांगितलं, चार दिवस बाकावर बसल्याचंही सांगितलं. तिने मध्येच थांबवलं नाही. माझं झाल्यावर एवढंच विचारलं, "भाकरी कुत्र्याला घातलीस?"

"हो."

"बरं केलंस. आता काय पायजे त्यांना?"

"तुझं पत्र. मी इथे काम केलं असं."

"मंग लिव की. मी सांगते, तू लिव."

मी वही उघडली. आईने बोंबलाची एक जोडी अडकवली, दुसरी अडकवली, आणि एखाद्या साहेबासारखं समोर समुद्राकडे बघत सांगायला लागली.

"समिधा माजी पोरगी हाय. ती माज्या खल्यावर काम करते. सात वर्साची व्हती तवापासून. पयली टोपली उचलली तवा पडली व्हती, गुडघा फुटला व्हता, ते लिवू नको. शालेत जायाची तरी करायची. मोठी झाली, परफेसर झाली, तरी सुट्टी लागली का हितंच. बापूस गेला त्या मे महिन्यात पन व्हती, तेराव्यानंतर आली. बोंबलाची बुरशी तिने हितंच बघितली, माज्यासमोर. कालेजवाल्यांचा काय संबंध न्हाय."

मी तिचं तिच्याच शब्दांत लिहीत होते, फक्त गुडघा गाळला.

"त्यांनी विचारलंय, मध्ये खंड होता का."

"खंड म्हंजे?"

"मध्ये काम सोडलं होतं का मी? एखाद्या वर्षी आले नाही, असं?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले असावे. "एक मे चुकवला न्हायस. लिव, खंड न्हाय."

मी लिहिलं, खंड नाही. नऊ वर्षं ज्या एका ओळीसाठी मी लोकांच्या केबिनबाहेर उभी राहिले, ती ओळ मी माझ्याच हाताने, आमच्या खळ्यावर बसून लिहिली. पुढचं मला दिसेना, डोळे भरून आले होते.

आईने हात धुतले, पुसले, परत धुतले, कागदाला वास लागायला नको म्हणून. मच्छीमार सोसायटीच्या कागदांसाठी शिकलेली सही तिने हळूहळू काढली, हौसाबाई तांडेल, आणि खाली तारीख मला घालायला लावली. "तारीख घाल बाय," म्हणाली, "तारखेनंच घात केला ना तुजा."

मी मोबाइलने कागदाचा फोटो काढला. आई तो कागद हातात धरून उलटसुलट बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण मी जिथे जिथे लिहिलं होतं तिथे तिथे तिने बोट फिरवलं.

"एवढी वर्सं," ती म्हणाली. "एका जागेवर. मध्ये सोडलं न्हाय, सही पन झाली." मग मान वर करून, चेहऱ्यावर एकदम उजेड आल्यासारखी, तिने मला विचारलं, "मंग गो, हा कागद त्यांना दाव ना. हा दावल्यावर तरी तुला पर्मनंट करतील की न्हाय?"

ती टोपलीपाशी तशीच उभी राहिली, हातात कागद धरून, माझ्या उत्तराची वाट बघत. तिला खरंच वाटत होतं की करतील.